चाळू नये

जेल रोडला माझी पिठाची गिरणी.
डब्यांवर मी खडूनं लिहितो:
नाव, किलो, आणि कसं.
एका डब्यावर बावीस वर्षं एकच ओळ –
गायधनी, दहा किलो, बारीक, चाळून.

निवृत्ती गायधनी, प्रेसमधून निवृत्त.
हा विनोद ते स्वतःच करतात,
दुसऱ्याला करू देत नाहीत.
उभी नोकरी नोटा तपासण्यात गेली,
म्हणून पीठही उजेडात धरून बघायचे,
चिमटीत घ्यायचे, अंगठा फिरवायचे.
एक तांबूस ठिपका दिसला की
"ही बाद."
मी पुन्हा चाळायचो.
कोंडा जायचा बोराडे गवळ्याकडे.
त्याच्या म्हशी झकास होत्या.

गेल्या शनिवारी लाइट गेलेली असताना आले.
पट्टा थांबला की गिरणीत
माणसं एकदम हळू बोलायला लागतात.
पोत्यावर बसले. म्हणाले,
"ह्या वेळी जाडसर ठेव. आणि चाळू नको."

मग म्हणाले, "आतून कॅमेरा फिरवला."

तीन कोंब सापडले मोठ्या आतड्यात,
तुरीच्या दाण्याएवढे.
काढून टाकले. अजून बिघडले नव्हते.
थोरले भाऊ ह्याच दुखण्यानं गेले, पळशाला.
तेव्हा घरात कुणी नाव घेतलं नाही.
पोटाचं आहे, म्हणायचे,
आणि दार लोटून घ्यायचे.

"डॉक्टरीणबाईंना विचारलं मी,
कोंडा खाल्ला असता तर हे झालं नसतं का?
म्हणाल्या, असं कुणालाच सांगता येणार नाही.
अख्खं धान्य खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, एवढं खरं.
कमी. शून्य नाही.
कोंडा खा, पण तीन वर्षांनी तपासणीला याच."
हसले. "हमीची सही नाही बघ नोटेवर.
तरी चालवायची."

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं,
ते त्यांनी मला दोनदा सांगितलं:
कोंडा आपल्याला पचतच नाही.
तसाच उतरतो खाली, शेवटच्या मुक्कामाला.
तिथं बारीक जीव राहतात, लाखांनी, करोडोंनी.
ते त्यावर जेवतात
आणि भाडं म्हणून
आतड्याच्या अस्तराला काहीतरी खाऊ घालतात.
"म्हणजे बावीस वर्षं," ते म्हणाले,
"मी भाडेकरू उपाशी ठेवले
आणि म्हशी पोसल्या."

लाइट आली.
मी दगडांतलं अंतर थोडं वाढवलं.
कालच टाकी लावलेला दगड, आवाजच वेगळा.
गहू पडला तसा सगळाच्या सगळा उतरला,
साल, अंकुर, पांढरं,
कुणाला बाजूला न काढता.
गायधनींनी चिमूट घेतली,
सवयीनं उजेडात धरली.
ठिपकेच ठिपके.
बराच वेळ बघत राहिले.
बाद म्हणाले नाहीत.

कोंड्याचा मांडा करावा, माझी आई म्हणायची,
नाही त्या दिवसांत.
मला ती गरिबाची युक्ती वाटायची.
आता पेठच्या बाया नागली घेऊन येतात
तीही मी तशीच दळतो, काळपट,
आणि सोसायटीतल्या सुना रांग लावतात.
चपाती तडकते म्हणून कुरकुरतात,
पुढच्या आठवड्यात परत येतात.
बोराडे मात्र रागावलाय.
म्हणतो, शेठ, म्हशींनी काय घोडं मारलं?

जाताना गायधनींनी माझं वय विचारलं.
एक्कावन्न, म्हटलं.
काही बोलले नाहीत. खडू उचलला
आणि स्विचबोर्डशेजारच्या भिंतीवर
दवाखान्याचा नंबर लिहिला,
नोटेवरच्या आकड्यांसारखा, एका रेषेत.

संध्याकाळपर्यंत त्यावर पीठ बसतं.
सकाळी मी हलकेच फुंकर मारतो.
आकडे दिसतात.
अजून फोन केलेला नाही.

डब्यावर मात्र नवी ओळ लिहिली आहे:
गायधनी, दहा किलो, जाड.
आणि खाली, जरा दाबून –
चाळू नये.